मठो

यांचं सुती धोतर, सत्यनारायणाला एकदाच नेसलेलं.
त्याच्या फाडलेल्या तुकड्यात दोन लिटरचं दही बांधलं
आणि रात्री बाराला वॉशबेसिनच्या नळाला टांगलं.
आता उद्यापर्यंत दात घासायला सगळ्यांनी बाथरूममध्ये जायचं,
असा हुकूम.

टप्. टप्.
खालच्या पातेल्यात हिरवट पाणी जमतंय,
त्यात उद्या थेपल्याची कणीक भिजेल.
बडोद्यात पस्तीस वर्षं काढली की
फेकणं विसरायला होतं.

उद्या लाभपाचम.
दुकानं-कचेऱ्या उघडतात त्या दिवशी
वीज मंडळाचा आमचा बिल विभाग
माझ्याकडे भरतो.
चौघी. सगळ्या रिटायर.

नियम एकच:
अर्ध्या तासात होईल असलंच गोड आणायचं,
गॅस पेटलाच तर केशराच्या चमचाभर दुधापुरता.
फाल्गुनी मारी बिस्किटांचा चुरा कोकोत मळते,
पोटात खोबरं घालून गुंडाळी करते, फ्रीजमध्ये ठेवते
आणि विसरून निघते.
कारेलीबागेच्या सर्कलपाशी दरवर्षी एक रिक्षा माघारी वळते
ती या गुंडाळीसाठी.
नफीसाबेन खजुराची बी काढते, त्या जागी मलई भरते,
वर एक पिस्ता खोचते. 'बस, थई गयुं.'
दमयंती फणसेला काहीच येत नाही.
ती कागदी वाट्या आणते
आणि सगळ्यांत जास्त खाते.

नियम माझ्यामुळे झाला.
फतेहगंजच्या भाड्याच्या घरात त्या वर्षी
मी बासुंदीला उभी होते.
तीन लिटर दूध, हातात उलथनं,
काठाची साय आत लोटतेय, लोटतेय,
आणि बाहेरच्या खोलीत एकदम हसू फुटलं.
असं, की कुणीतरी भिंत धरून खाली बसलं असणार.
'काय झालं? काय झालं गं?'
दूध वर येत होतं.
सोडून जाता येईना.

बासुंदी छान झाली. दोनदा-दोनदा घेतली सगळ्यांनी.
फाल्गुनी सांगायला लागली, अर्ध्यात थांबली,
'जवा दे ने. सांगून नाही कळणार.'

सव्वीस वर्षं झाली.
अजून कुणी 'सक्सेनासाहेबांची छत्री' एवढं म्हणालं
की तिघी डोळे पुसतात,
आणि मी मागाहून हसते
मुलीकडच्या पाहुण्यांसारखी.

सकाळी आठला बेल.
'चारला बोलावलं होतंस, पण घरी करायचं काय?'
दारात तिघी, रिक्षावाला गुंडाळी घेऊन मागे.
फडकं सोडलं. चक्का कसला,
अजून दहीच, जरा विचारात पडलेलं.
साखर घातली तसं आणखी सैल झालं,
वेलची, जायफळ, केशर,
काही केल्या चमचा उभा राहीना.
तोंड पाडून वाटी पुढे केली.

फाल्गुनीने बोट बुडवलं, चाटलं.
'अल्या, आ तो मठो छे! मस्त मठो!'
इथे पातळ श्रीखंडाला मठो म्हणतात.
आमच्याकडे मठ्ठा म्हणजे ताक,
आणि मठ्ठ म्हणजे मी,
या गावात अर्धा जन्म गेला
आणि बिघडलेल्याला इथे नाव आहे
हे आज कळतंय.

वाट्या घेऊन खाली सतरंजीवरच बसलो.
नफीसाबेन बाल्कनीत, नातवाचा कुवेतहून फोन,
आणि इकडे हात धुवायला गेलेल्या दमयंतीने
ते नळाचं ओलं फडकं

नको.
एवढंच सांगते, मी भिंत धरून खाली बसले,
वाटी कुठे गेली पत्ता नाही,
आणि नफीसाबेन फोन हातात धरून आत आली,
'शुं थयुं? अरे, शुं थयुं?'

मी सांगायला तोंड उघडलं.
तिच्याकडे बघितलं.
मलई लागलेला हात तिच्या हातावर ठेवला,
आणि पुन्हा हसायला लागले.